पोवळ्यांचं पोट

गेले दोन अंक या सदराची जागा रिकामी गेली. संपादकांचा पहिला फोन काळजीचा होता, दुसरा जरा कमी काळजीचा. म्हणून आधी कारण सांगून टाकतो. एप्रिल ते सप्टेंबर आम्ही दोघं मुलाकडे होतो, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, आणि तिथे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मला पुन्हा नोकरी लागली होती. बिनपगारी. काम एवढंच, दीडशे लिटर समुद्र सांभाळायचा.

मुलानं मार्चमध्ये दिवाणखान्यात काचेची टाकी बसवली होती. गोड्या पाण्यातले मासे आपल्याकडे पुष्कळांच्या घरी असतात, पण हे तसं नव्हे. हे खारं पाणी, त्यात खडक, खडकांवर जिवंत पोवळी आणि त्यांच्यामधून फिरणारे दोन नारिंगी क्लाउनफिश. आठ वर्षांच्या नातीनं हट्ट धरला आणि बापानं तो तिच्यापेक्षा जास्त मनावर घेतला. सूनबाईंची अट एकच होती : पाणी सांडलं तर पुसायला मला हाक मारायची नाही.

माझी पार्श्वभूमी जुन्या वाचकांना ठाऊक आहे. बडोद्याच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं बॉयलरचं पाणी तपासलं. बॉयलरच्या पाण्यात कॅल्शियम हा शत्रू. नळीच्या आत त्याचा थर बसतो, उष्णता पुढे जात नाही, आणि एक दिवस नळी तापून फाटते. रोज सकाळी नमुना घ्यायचा, इरिओक्रोम ब्लॅक टीचे थेंब टाकायचे, पाणी निळंच राहिलं की रजिस्टरात लिहायचं : हार्डनेस 'निल'. त्या 'निल'वर मी संसार केला, मुलाचं शिक्षण केलं. आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, डोळ्यांवर झोप असताना, त्याच मुलानं माझ्यासमोर कागद धरला : कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३००. "बाबा, हे असंच टिकवायचंय." म्हटलं, अरे, असलं पाणी आमच्या बॉयलरमध्ये गेलं असतं तर साहेबांनी मला त्यातच उकळलं असतं.

घराच्या तळघरात मात्र माझ्या ओळखीचा एक माणूस भेटला. माणूस म्हणजे यंत्र. नळाचं पाणी आरओतून आणि मग रेझिनमधून काढायचं, क्षार शून्यावर आले की त्यात समुद्राचं मीठ घालायचं. आमच्या डीएम प्लँटचा नातूच तो. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन, तांबं, फॉस्फेट यांतलं काही पोवळ्यांना चालत नाही. म्हणजे आधी सगळं काढा आणि मग मोजून परत घाला. क्षारता हजारी ३५, तापमान २५ ते २६ अंश. रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जातं, पण मीठ उडत नाही, ते मागे राहतं. म्हणून वरून भर घालायची ती साध्या शुद्ध पाण्याची, खाऱ्या नव्हे. हे मला पाच मिनिटांत समजलं, मुलाला म्हणे एक महिना लागला होता. (हे वाक्य त्यानं वाचू नये.)

पोवळं म्हटलं की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते. आमच्या हिच्या बोटात आहे तशी. ते भूमध्य समुद्राचं लाल पोवळं. मंद उजेडात वाढतं आणि पाण्यातून वाहत येईल ते पकडून खातं. मुलाच्या टाकीतली पोवळी वेगळ्या जातकुळीची, उथळ आणि उजेडाच्या पाण्यातली. तेही प्राणीच, पण त्यांच्या मांसात एकपेशीय शैवाल बिऱ्हाड करून असतं. उजेड मिळाला की शैवाल साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतं. पोवळ्याला लागणाऱ्या ऊर्जेतली नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी भाड्यातून निघू शकते. बदल्यात घरमालकाच्या शरीरातून निघणारं नत्र शैवालाला खत म्हणून मिळतं. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा अंश-दोन अंश जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की हा करार मोडतो. भाडेकरू बाहेर पडतो आणि पोवळं पांढरं पडतं. ते लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं.

त्यामुळे नवख्याचा समज होतो की दिवा लावला म्हणजे पोट भरलं. अर्धं खरं आहे. साखरेनं दिवस निघतो, अंग भरत नाही. नवं मांस घडवायला नत्र लागतं, फॉस्फरस लागतं, आणि ते एकतर पाण्यातून यावं लागतं किंवा तोंडावाटे. आमच्या टाकीचा पहिला घोटाळा नेमका इथेच झाला.

सुरुवातीचे दोन महिने मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. नव्या टाकीत आधी जिवाणूंची वस्ती व्हावी लागते. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. याला चार ते सहा आठवडे जातात आणि तोवर टाकीत पोवळं सोडणं म्हणजे भिंती ओल्या असताना गृहप्रवेश. मग वाळूवर तपकिरी साय येते, डायटमची. ती आपोआप जाते. मग हिरवी येते. मुलगा रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी वाळू हलवायचा आणि रोज संध्याकाळी ती पुन्हा तपकिरी. मी त्याला सांगितलं, नव्या घराच्या भिंतींना पहिला पावसाळा बघू दे.

मे महिन्यात पहिली पोवळी आली, ती काटक जातीची : झोअँथिड, मशरूम, आणि ग्रीन स्टार पॉलिप नावाचा हिरव्या गवतासारखा गालिचा. यांना पाण्यातला थोडा चढउतार चालतो. अ‍ॅक्रोपोरासारखी नाजूक फांद्यांची पोवळी टाकी वर्षाची होईपर्यंत आणू नयेत, यावर मुलगा आणि मी पहिल्यांदाच एका वाक्यात एकमत झालो. झोअँथिडबद्दल मात्र सावध करतो. दिसायला शेवंतीचा गुच्छ, पण काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं, आणि ते फार जहाल विष आहे. त्यांचा दगड कधी गरम पाण्यानं धुवायचा नाही, उकळायचा तर मुळीच नाही, कारण वाफेवाटे ते श्वासात जातं. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, नंतर साबणानं हात. नातीला आम्ही सांगितलं की हे फूल फक्त बघायचं.

जूनमध्ये हॅमर कोरल आलं. याचा सांगाडा दगडी, त्याला दोन फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकावर हिरव्या मांसल बोटांचा झुबका. बोटांची टोकं हातोडीसारखी आडवी, म्हणून हॅमर. प्रवाहात ते असं डुलायचं की मी पेपर खाली ठेवून बघत बसायचो. नातीनं दोन टोकांची नावं ठेवली, इडली आणि चटणी. का, ते विचारलं तर म्हणाली, "आजोबा, दे गो टुगेदर ना!"

जुलैत सगळी पोवळी फिकी पडायला लागली. गालिच्याचा हिरवा रंग धुतल्यासारखा झाला, इडली-चटणी आखडली. मुलाचं पहिलं उत्तर, दिवा कमी पडतोय, आणखी वाढवू. मी म्हटलं, आधी मोजूया. नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य. तो खूश झाला. "बघा बाबा, पाणी किती स्वच्छ!" आणि मीही क्षणभर खूश झालो, 'निल' बघायची सवय ना. पण तळाशी वाळूवर बुडबुडे धरलेली तपकिरी, लाळेसारखी चिकट तार दिसत होती, आणि ही पहिल्या महिन्यातली डायटमची साय नव्हती. ती डायनोफ्लॅजेलेट. पाण्यातलं खत पार संपलं की नव्या टाकीत हे महाशय माजतात.

झालं होतं असं की मुलानं चांगल्या हेतूनं सगळंच लावलं होतं. फेस काढून घाण उपसणारा स्किमर चोवीस तास चालू, फॉस्फेट शोषणारी लोखंडाची गोळी, आणि मासे दोनच, त्यांनाही चिमूटभर खाणं. म्हणजे घरात पाहुणे बोलवायचे आणि स्वयंपाकघराला कुलूप. मासे खातात, त्यांच्या अंगातून अमोनिया निघतो, तो पोवळ्यातलं शैवाल उचलतं. माशाला वाढलेला घास अशा रीतीनं निम्मा पोवळ्याच्या ताटात पडतो. आम्ही फॉस्फेटची पिशवी काढली, स्किमर रात्रीपुरता ठेवला, माशांना दोन वेळ जेवण सुरू केलं, आणि दिवा वाढवण्याऐवजी थोडा उतरवला, कारण अशक्त माणसाला उन्हात उभं करत नाहीत. तीन-चार आठवड्यांनी नायट्रेट ५ वर आणि फॉस्फेट ०.०५ वर आलं. ती चिकट तार हळूहळू मागे हटली. रंगही परतले, आधी गालिच्याचे.

आणि याच काळात आम्ही हातानं भरवायला लागलो. हा भाग सविस्तर सांगतो, कारण सहा महिन्यांतला माझा सगळ्यात आवडता वेळ तो होता. बुधवार आणि रविवार, संध्याकाळी, दिवे मंद झाल्यावर. पोवळ्यांच्या बोटांना तेव्हा भूक कळते. मायसिस नावाची तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी कोळंबी गोठवलेल्या वड्यांत मिळते. वडीचा एक तुकडा टाकीच्याच पाण्यात विरघळवायचा, गाळणीनं गाळायचा, ते पाणी फेकून द्यायचं. गाळणी चहाची घेतली, यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही. आमची ही मालवणची माहेरवाशीण, तिला कोळंबीचं वावडं नाही. तिचा आक्षेप एवढाच होता की इतकी बारीक कोळंबी विकत घेणारे लोक कोण.

मग पंप बंद. रबरी फुगा लावलेल्या लांब नळीत कोळंबी ओढायची आणि हॅमरच्या बोटांवर अलगद सोडायची. फवारायची नाही, ठेवायची. बोटं चिकटून धरतात, आत वळतात, आणि मधलं तोंड, जे एरवी दिसत नाही, ते उघडतं. नात प्रत्येक वेळी श्वास रोखून बघायची. पण खरा खेळ पुढे. टाकीत एक क्लीनर झिंगा होता, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. पोवळ्याच्या तोंडातला घास तो ओढून काढायचा, अगदी निर्लज्जपणे. शेवटी सूनबाईंनी तोड काढली. प्लॅस्टिकची बाटली अर्धी कापली, तोंडाकडचा भाग पोवळ्यावर टोपीसारखा उपडा ठेवला, आणि वरच्या भोकातून नळी आत. झिंगा बाहेरून काचेवर बसलेल्या मांजरासारखा फिरत राहायचा. पंधरा मिनिटांनी टोपी काढायची, उरलेले तुकडे नळीनं ओढून घ्यायचे, पंप चालू. हे पंप चालू करणं विसरू नये. मी एकदा विसरलो, आणि माशांना पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना नातीनं पाहिलं म्हणून बरं.

किती द्यायचं? इडलीला दोन-तीन, चटणीला दोन-तीन. आपल्याकडच्या माणसाला हे जड जातं. मला पहिल्या आठवड्यात वाटलं, एवढ्यानं काय होतंय, म्हणून एक मोठा तुकडा दिला. तो चटणीनं गिळला आणि रात्री तसाच्या तसा परत काढला. मोठ्या घासापेक्षा बारीक घास पचतो. झोअँथिड कधी घेतात, कधी नाही. मशरूम मिटून घेतं. गालिचा तर कोळंबीकडे बघतही नाही, त्याला पाण्यात विरघळलेलं आणि डोळ्यांना न दिसणारं तेवढंच पुरतं. आमची ही रोज म्हणायची, "अहो, त्या हिरव्यालाही द्या ना थोडं, एकटं बसलंय." पंक्तीत कुणी उपाशी राहू नये हा आपला संस्कार. टाकीत तो चालत नाही, न खाल्लेला प्रत्येक दाणा कुजतो.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी या परिच्छेदापर्यंत टाळाटाळ केली.

ऑगस्टमध्ये मुलगा कामासाठी अडीच आठवडे बाहेरगावी गेला. जाताना फ्रीजवर कागद लावून गेला. खाणं केव्हा, भर किती, तापमान कुठे बघायचं. शेवटची ओळ अशी होती : अल्कलिनिटी दर तीन दिवसांनी मोजा, काही घालू नका, मला कळवा. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. पोवळं आपला सांगाडा यातून आणि कॅल्शियममधून बांधतं. टाकीवाले ती जर्मन अंशांत मोजतात, एक अंश म्हणजे आमच्या भाषेत जवळपास १८ पीपीएम. मुलानं ती ८ च्या आसपास ठेवली होती. त्याच्या मागे दर आठवड्याचं पाणी बदलणं राहिलं आणि आकडा उतरत गेला, ७.६, ७.२, मग एका गुरुवारी ६.७.

चौतीस वर्षं हे काम केलेला माणूस ६.७ बघून काय करेल? बॉयलरमध्ये आकडा घसरला तर त्याच पाळीत दुरुस्त करायचा असतो, दुसऱ्या पाळीवर ढकलला तर मेमो मिळतो. कळवायचं कशाला, म्हटलं, पोरगा मीटिंगमध्ये असेल. कागद घेतला, हिशेब मांडला. दीडशे लिटरला एक अंश चढवायला साडेचार ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. मला साडेदहावर न्यायचं होतं, थोडी शिल्लक असावी म्हणून. सतरा ग्रॅम. सूनबाईंच्या वजनकाट्यावर तोलले, पाण्यात विरघळवले, आणि संध्याकाळी ओतले. तासाभरानं मोजलं, १०.५. इतका अचूक की मी रजिस्टर शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी हॅमर उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी चटणीच्या कडेला मांस सांगाड्यापासून सुटलेलं दिसलं, आतला पांढरा दगड उघडा. चौथ्या दिवशी तिच्यावर तपकिरी जेलीसारखा थर होता. हे लक्षण वाईट. तो थर प्रवाहाबरोबर शेजारच्यांवर जातो.

मुलाला फोन केला. तो व्हिडिओवर बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, कागद नीट वाचला होतात का?" त्याच्या आवाजात राग नव्हता. पण हे वाक्य माझं आहे. दहावी-बारावीला त्याचे गुण कापले गेले की मी हेच विचारायचो, प्रश्न नीट वाचला होतास का? त्यानं ते मुद्दाम म्हटलं की सहज, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

नंतर त्यानं जे समजावलं ते असं. खऱ्या समुद्राचीच अल्कलिनिटी साधारण साडेसहा ते सात असते. म्हणजे ६.७ ला काहीही बिघडलेलं नव्हतं. पोवळ्याला आठही चालते, सातही चालते, पण सातची साडेदहा एका संध्याकाळी चालत नाही. चढवायचीच असेल तर दिवसाला एक अंश, शक्यतो त्याहून कमी. त्यात आमची पोवळी नुकती उपासातून उठलेली. चटणी माझ्या सोड्यानंच गेली हे कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध करता येणार नाही. पण आधी धडधाकट असलेला जीव सोडा ओतल्याच्या चौथ्या दिवशी जातो, तेव्हा मी तरी दुसरं कारण शोधत नाही.

उरलेलं काम सूनबाईंनी केलं. जेली आधी नळीनं ओढून बाहेर काढली. मग पंप बंद करून हॅमर बाहेर काढलं आणि कात्रीसारख्या जाड पकडीनं चटणीचा फाटा खालून तोडला. कट्‌ असा आवाज आला, चुनखडी तुटल्याचा. इडलीला आयोडीनच्या सौम्य पाण्यात बुडवून परत ठेवलं, टाकीत दुसऱ्या जागी, मंद प्रवाहात. नात सोफ्याच्या पाठीमागून बघत होती. तिनं विचारलं, "आजोबा, चटणीला काय झालं?" मी म्हटलं, मी तिला एकदम खूप औषध दिलं. ती म्हणाली, "बट यू वर हेल्पिंग." मग थोड्या वेळानं, "नेक्स्ट टाइम आस्क डॅडी, ओके?"

मुलगा परत आल्यावर आम्ही दोघांनी मिळून नवी पद्धत बसवली, आणि तिच्यात मला माझं जुनं दुकान सापडलं. टाकीवाले तिला कॅल्कवासर म्हणतात. जर्मन शब्द आहे, ऐकायला भारदस्त. म्हणजे काय, तर चुन्याची निवळी! आपल्या आज्या जिच्या घरी बाटल्या भरून ठेवायच्या, तीच. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो, आणि वरचं नितळ पाणी ते कामाचं. त्यात कॅल्शियमही आहे आणि अल्कलिनिटीही, सांगाडा बांधायला लागतात त्याच प्रमाणात. रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भर साध्या पाण्याऐवजी या निवळीची घालायची. पण थेंबथेंब, आणि रात्री, कारण अंधारात शैवाल काम थांबवतं आणि पाण्याचा पीएच उतरतो, तो निवळीनं सावरला जातो. निवळीचा स्वतःचा पीएच बाराच्या वर आहे, तांब्याभर एकदम ओतली तर मी केलं त्याहून वाईट होईल. सुरुवात आम्ही पाव ताकदीनं केली. आणि चुना प्रयोगशाळेच्या दर्जाचा हवा, पानपट्टीवरचा नव्हे.

एका शनिवारी नातीला ग्लासभर निवळी दिली आणि स्ट्रॉनं तिच्यात हळू फुंकायला सांगितलं. चष्मा घालून, ओढायचं नाही अशी तीनदा ताकीद देऊन. निवळी दुधासारखी पांढरी झाली. शाळेत आपण सगळ्यांनी केलेला प्रयोग. तिला म्हटलं, हे जे पांढरं झालं ना, त्याचंच चटणीचं घर होतं. चटणीचा तुटलेला फाटा तिनं खिडकीत ठेवला आहे. तो आणून तिनं ग्लासशेजारी धरला आणि दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिली.

मंडळाच्या कोजागिरीला हे सगळं सांगत होतो तेव्हा दोघांनी विचारलं, बडोद्यात करता येईल का. स्पष्ट सांगतो, दगडी सांगाड्याची पोवळी आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. कुणी मोडून आणलेलं विकत असेल तर घेऊ नका, फुकट देत असेल तरी घेऊ नका. आणि मे महिन्यात आपल्याकडचा पारा बेचाळीसवर गेला की टाकी २६ अंशांवर ठेवायला जो खर्च येईल, त्यात जामनगरच्या दहा सहली होतील. त्या कराच. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चं, देशातलं पहिलं. तिथे नरारा बेटावर ओहोटीच्या वेळी वनखात्याची परवानगी घेऊन चालत पोवळ्यांपर्यंत जाता येतं. मी पंचवीस वर्षांपूर्वी गेलो होतो. पाणी गढूळ, पोवळी मातकट हिरवी, अंगठीतल्या पोवळ्यासारखं काही दिसेल म्हणून गेलेला मी निराश होऊन परतलो होतो. आता वाटतं, त्या गाळात, इतक्या भरती-ओहोटीत, कुणी आकडा न मोजता ती टिकून आहेत. या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहे. बूट जुने घाला, आणि पाय कुठे ठेवतोय ते बघून ठेवा, पोवळ्यावर नको.

परवा, वसुबारसेला, नेपरव्हिलहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती, नात शाळेच्या दप्तरासकट टाकीसमोर उभी. इडली चांगली फुलली होती, आधीपेक्षा रुंद. "आजोबा, नीट बघा," म्हणून तिनं फोन काचेला टेकवला. बोटांच्या मधोमध एका तोंडाशेजारी दुसरं तोंड दिसत होतं. हॅमरचं टोक असंच दुभंगतं, आधी तोंडं दोन होतात, मग मांस, मग खालचा दगडी फाटा. पुरं व्हायला महिने लागतील.

"रविवारी किती द्यायचं?" तिनं विचारलं. "दोन्ही तोंडांना?"

मी म्हटलं, आधी डॅडीला विचार.